जर्मन माल इतका पक्का का?

आमच्या घरी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायचे. कुठे 'जर्मल' म्हणतात. जुनी पेटी विकायला काढलेला माणूस किंमत सांगायच्या आधी सांगतो, "आत जर्मन सूर आहेत." माझ्या आजोबांच्या वस्तऱ्याच्या पात्यावर बारीक अक्षरांत 'सोलिंगेन' कोरलेलं होतं आणि त्या वस्तऱ्याला ते कुणाला हात लावू देत नसत. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'मायको सर्कल' एवढं सांगितलं की पुरतं. ती मायको म्हणजे आताची बॉश, मूळची जर्मन. नकाशावर जर्मनी कुठे आहे हे ज्याला दाखवता येणार नाही, त्यालाही आपल्याकडे 'जर्मन माल' म्हणजे काय ते बरोबर कळतं.

मी फिटर आणि टर्नरच्या मुलांना शिकवतो. दरवर्षी एखादा तरी विचारतोच, "सर, त्यांचंच मशीन इतकं पक्कं का असतं?" वर्गात मी पाच मिनिटांत काहीतरी सांगतो आणि पुढच्या जॉबकडे वळतो. मग दिवसभर ते उत्तर अपुरं वाटत राहतं. आज ते नीट, सविस्तर सांगायचं आहे.

आधी एक उत्तर बाजूला काढू. "शिस्त त्यांच्या रक्तातच आहे" असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द जर्मनांनीच दिलेला आहे. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जर्मनीच्या वतीने तिथे फ्रान्झ रोलो गेले होते. यंत्रशास्त्रातला हा त्या काळचा फार मोठा माणूस. त्यांनी मायदेशी पाठवलेल्या पत्रांत आपल्याच देशाच्या मालाबद्दल लिहिलं की तो स्वस्त आहे आणि वाईट आहे. देशभर गदारोळ उठला, पण त्यांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही. ज्या सोलिंगेनचा वस्तरा आजोबा जिवापाड जपत, त्याच गावातले काही कारखानदार तेव्हा आपल्या सुऱ्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव ठोकून त्या विकत होते. अखेर १८८७ साली ब्रिटनने कायदा केला. परदेशी माल ब्रिटिश असल्याचं भासवून विकायचा नाही, तो कुठल्या देशाचा आहे ते त्यावर लिहायचं. गिऱ्हाईक सावध व्हावं हा हेतू. म्हणजे 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं जन्माला आली ती धोक्याची पाटी म्हणून. दहा-पंधरा वर्षं गेली आणि तेच ब्रिटिश गिऱ्हाईक ती अक्षरं बघून माल उचलू लागलं.

माणसं तीच होती. बदललं ते त्यांच्या भोवतीचं सगळं.

हे 'भोवतीचं' काय, ते समजायला गावकीची विहीर डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक घराला स्वतःची विहीर खणणं परवडत नाही. गाव मिळून एक खणतं, गाव मिळून तिचा गाळ काढतं, आणि मग प्रत्येकाच्या घरात हंडा भरतो. कारखान्यांचंही असंच आहे. शिकलेले हात, प्रयोगशाळेतलं ज्ञान, सगळीकडे सारखी मापं, घाई न करणारं भांडवल या गोष्टी एकट्या कारखानदाराला उभ्या करता येत नाहीत. जर्मनीने दीडशे वर्षं अशा सामायिक विहिरी खणल्या. आपल्याकडे गावकीच्या विहिरीवर सगळ्या गावाला पाणी भरू देत नव्हते, त्यासाठी महाडला संघर्ष करावा लागला, हे मी विसरलेलो नाही. उलट त्याची आठवण इथे हवीच, कारण विहीर किती जणांना खुली आहे यावरच तिचं मोल ठरतं.

कानस

जर्मनीत धातुकामाच्या शाखेत सोळा-सतरा वर्षांचं पोरगं दाखल झालं की त्याच्या हातात पहिल्यांदा जे अवजार येतं ते बहुतेक वेळा कानस असतं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि तो सपाट करायचा. ऐकायला सोपं आहे. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना सोडायचा. पुढे जाताना सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मधे दोन्हींचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त. हे जमलं नाही की कानस झोपाळ्यासारखी झुलते, कडा खाल्ल्या जातात आणि तुकडा मधेच फुगीर राहतो. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तो तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. तळहाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात.

आपल्या आयटीआयमध्येही फिटरची सुरुवात याच कामाने होते. मुलं वैतागतात. "सर, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या जमान्यात कानस कशाला?" मी त्यांना सांगतो, मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे किती हे एकदा हाताला कळलं की पुढे पडद्यावरचा आकडा नुसता आकडा राहत नाही. मशीन कुठे चुकतंय हे अशा माणसाला आवाजावरून कळतं.

इथवर दोन्ही देश सारखेच. फरक पडतो तो यापुढे.

तिकडचा मुलगा शाळेत नाव घालतो त्याआधी एखाद्या कंपनीशी शिकण्याचा करार करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस तो कारखान्यात असतो, एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत. शाळेत गणित, धातुशास्त्र, आराखडा वाचणं. कारखान्यात खऱ्या मशीनवर, खऱ्या ऑर्डरचं काम. यंत्रदुरुस्तीसारख्या व्यवसायाला साडेतीन वर्षं लागतात. या काळात कंपनी त्याला दरमहा विद्यावेतन देते आणि त्याची किमान रक्कमही आता कायद्याने ठरलेली आहे. असे सव्वातीनशेच्या आसपास व्यवसाय मान्य आहेत. त्यात टूलमेकर आहे तसा बेकर आहे, चष्मे करणारा आहे, बँकेतला कारकूनही आहे. १९६९ च्या कायद्याने या सगळ्याला एक चौकट दिली, पण मूळ फार जुनं आहे, कारागिरांच्या जुन्या संघांपर्यंत मागे जाणारं.

आता खरी अडचण बघा. मी कारखानदार आहे असं समजा. साडेतीन वर्षं खर्च करून मी एक मुलगा तयार केला. शेजारच्याने एक दमडी न खर्चता त्याला थोडा जास्त पगार देऊन उचलला, तर पुढच्या खेपेला मी कशाला शिकवीन? मी शिकवणार नाही, शेजारीही शिकवणार नाही, आणि मग दोघंही "कुशल माणूस मिळत नाही हो" म्हणून हळहळत बसू. बहुतेक देशांत नेमकं हेच घडतं.

जर्मनीने हे कोडं सोडवलं ते कुणा एकाच्या चांगुलपणावर न सोडता. प्रत्येक भागात उद्योग-व्यापार मंडळ असतं आणि कंपन्यांना त्याचं सभासद व्हावंच लागतं. मुलाची परीक्षा कंपनीही घेत नाही आणि शाळाही घेत नाही, ती हे मंडळ घेतं. त्यामुळे हॅम्बुर्गचा दाखला म्युनिकला चालतो. अभ्यासक्रम ठरवताना मालकांच्या संघटना, कामगार संघटना आणि सरकार एका टेबलाशी बसतात, म्हणून एका कारखान्यापुरतंच शिकवून मुलाला बांधून ठेवता येत नाही. शेजाऱ्याचा मुलगा माझ्याकडे आला काय आणि माझा त्याच्याकडे गेला काय, विहिरीतलं पाणी गावातच राहतं. शिवाय प्रत्यक्षात शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांना त्यांचीच कंपनी कामावर ठेवून घेते.

आणि फिटर झाला म्हणजे वाट संपली असंही नाही. काही वर्षं काम करून तो 'माइस्टर'ची परीक्षा देऊ शकतो. माइस्टर म्हणजे उस्ताद. राष्ट्रीय पात्रतेच्या चौकटीत ही पदवी विद्यापीठाच्या बॅचलर पदवीच्या पायरीवर ठेवलेली आहे. ही कागदावरची बाब वाटेल, पण विचार करा. हाताने काम करणाऱ्याला 'कमी शिकलेला' समजणाऱ्या घरांत मी मुलांना आयटीआयला घाला म्हणून समजवायला जातो. तिथे हा एक कागद किती वजनदार ठरला असता!

यातलं एक वैगुण्यही सांगितलं पाहिजे. तिथल्या बहुतेक राज्यांत मुलं दहाव्या वर्षीच वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. पुढे विद्यापीठाकडे जाणारी वेगळी, हातकामाकडे जाणारी वेगळी. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांची मुलं पिढ्यान्पिढ्या खालच्या शाळांत ढकलली गेली. दहा वर्षांच्या पोराचं नशीब कुणी ठरवावं, हा प्रश्न तिथे अजून मिटलेला नाही.

नीळ

दुसरी विहीर ज्ञानाची, आणि तिची गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे, कारण ती चंपारणपर्यंत येते.

कृत्रिम रंगाचा पहिला मोठा शोध इंग्लंडमध्ये लागला. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थावर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला. कापड इंग्लंडकडे, कोळसा इंग्लंडकडे, शोधही इंग्लंडचा. तरी पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या कृत्रिम रंगांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त रंग जर्मन कंपन्या बनवत होत्या. हे झालं कसं?

गीसेन नावाच्या छोट्या गावी युस्टुस लीबिश या प्राध्यापकाने १८२० च्या दशकात रसायनशास्त्र शिकवण्याची रीतच बदलली होती. विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकायचं नाही, प्रयोगशाळेत उभं राहून स्वतः करायचं. तिथून शिकून निघालेले लोक ठिकठिकाणी प्राध्यापक झाले आणि त्यांनी आपापल्या प्रयोगशाळा काढल्या. जर्मनी तेव्हा एक देशही नव्हता, कितीतरी लहान-मोठी राज्यं होती. प्रत्येक राजाला आपलं विद्यापीठ, आपलं तंत्रशिक्षणाचं विद्यालय हवं होतं. कार्ल्सरूहचं तंत्रविद्यालय १८२५ चं. १८६३ ला बायर आणि हेक्स्ट या कंपन्या निघाल्या, १८६५ ला बीएएसएफ, तोवर त्यांना हवे तेवढे शिकलेले रसायनशास्त्रज्ञ तयार होते. कंपन्यांनी त्यांना पगारावर ठेवलं आणि कारखान्यातच प्रयोगशाळा उघडल्या. संशोधन हे पगारी रोजचं काम होऊ शकतं, ही कल्पना जगाला तिथून मिळाली.

नीळ मात्र काही केल्या वठत नव्हती. आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने (कंपनीवाले बायर वेगळे) १८८० च्या सुमाराला ती प्रयोगशाळेत बनवून दाखवली, पण काचेच्या नळीत थेंबभर बनवणं वेगळं आणि टनाने बनवून झाडाच्या निळीपेक्षा स्वस्त विकणं वेगळं. बीएएसएफने त्यामागे सतरा वर्षं घालवली आणि १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क ओतले. कंपनीच्या भांडवलाहूनही मोठी ही रक्कम. एक वाट बंद झाली, दुसरी धरली. त्यातल्या एका टप्प्याला एक प्रक्रिया फार हळू चालत होती. एके दिवशी ढवळताना थर्मामीटर फुटला, पारा भांड्यात सांडला आणि प्रक्रिया झपाट्याने पुढे सरकली. पारा तिला वेग देतो हे असं कळलं. अशा अपघातांना लोक नशीब म्हणतात. पण सतरा वर्षं भांड्यापाशी कुणीतरी उभं होतं आणि सांडलेल्या पाऱ्यानंतर काय बदललं हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही, यात नशिबाचा वाटा मला तरी थोडाच वाटतो.

१८९७ साली ही नीळ बाजारात आली आणि बिहारमधल्या निळीचा भाव कोसळत गेला. तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांनी तो तोटा स्वतः सोसला नाही, वाढीव खंड आणि दंडाच्या रूपाने तो कुळांच्या माथी मारला. १९१७ ला गांधीजी चंपारणला गेले ते याच रयतेचं गाऱ्हाणं ऐकायला. ऱ्हाईन नदीकाठच्या एका प्रयोगशाळेतल्या चिकाटीचे हे इतक्या दूरवरचे पडसाद. एका देशाचं औद्योगिक बळ दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याच्या ताटापर्यंत कसं पोचतं, हे मुलांना समजावताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आज हे काम मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या फ्राउनहोफर संस्थेची देशभर सत्तरहून अधिक केंद्रं आहेत. ज्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही असा कारखानदार आपली अडचण घेऊन तिथे जातो. मोबाइलवर गाणी ऐकताना आपण एमपी३ म्हणतो ना, तेही मुख्यतः याच संस्थेच्या एर्लांगेन केंद्रातलं काम.

एक कागद

जवळपास कुठे झेरॉक्सचा कागद असेल तर हातात घ्या. ए४. तो बरोबर मधोमध दुमडा. निम्म्या कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण मूळ कागदाइतकंच येतं. पुन्हा दुमडा, तेच. सगळ्यात मोठा ए० कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो, आणि त्याला चार वेळा निम्मं केलं की ए४. हे माप १९२२ साली जर्मनीच्या मानक संस्थेने ठरवलं, आणि आज मंत्रालयातल्या फायलीपासून सातबाराच्या प्रतीपर्यंत आपण ते वापरतो.

ही संस्था १९१७ साली, ऐन युद्धात निघाली. वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले सुटे भाग एकमेकांत बसेनात, ही तेव्हाची गरज. नटबोल्टचे आटे, शाफ्टचा व्यास, छिद्राच्या मापात किती फरक चालेल हे सगळं एकदा लिहून ठेवलं की कुठल्याही गावातला छोटा कारखाना कुठल्याही मोठ्या कारखान्याचा पुरवठादार होऊ शकतो. भोसरीत किंवा वाळूजमध्ये काम केलेल्या माणसाला 'डिन'चा बोल्ट माहीत असतो. ते 'डिन' म्हणजे हीच संस्था. मापं ठरवणाऱ्याचा बाजारावर पगडा बसतो, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात.

लहान गावांतले मोठे कारखाने

जर्मनी म्हटलं की मोटारी आठवतात. पण त्या देशाचा कणा मधल्या आकाराच्या, बहुतेक घराण्यांच्या मालकीच्या कंपन्या आहेत. त्यांना तिकडे 'मिटेलश्टांड' म्हणतात. यातल्या कित्येक कंपन्या एकच वस्तू करतात आणि त्या वस्तूत जगात पहिल्या-दुसऱ्या असतात. हेरमान झिमोन या अभ्यासकाने त्यांना 'लपलेले विजेते' असं नाव दिलं.

टुटलिंगेन हे जेमतेम पस्तीस हजार वस्तीचं गाव. तिथे शस्त्रक्रियेची आणि वैद्यकीय उपकरणं करणाऱ्या शेकडो कंपन्या आहेत. त्याच भागातल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये पूर्वी शेतकरी बर्फाच्या महिन्यांत घरी बसून लाकडी घड्याळं करत. घड्याळामुळे बारीक कामाला हात बसला आणि तो हात पुढे दुसऱ्या धंद्यांत गेला. जवळच्या ट्रॉसिंगेनचा माथियास होनर हा असाच घड्याळजी. १८५७ ला तो माउथ ऑर्गन बनवू लागला आणि ते नाव आज जगभरच्या वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे.

किंवा ओबरकोखेन. आठेक हजारांचं गाव. १९४५ साली अमेरिकी सैन्याने येना शहर रशियनांच्या ताब्यात देण्याआधी तिथल्या झाइस या भिंगांच्या कंपनीचे चौऱ्याऐंशी महत्त्वाचे लोक उचलून पश्चिमेकडे आणले. त्यांनी या गावात नव्याने सुरुवात केली. आज जगातल्या सगळ्यात प्रगत चिप बनवण्याची यंत्रं नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी करते, आणि त्या यंत्रातले आरसे ओबरकोखेनहून जातात. हा आरसा किती गुळगुळीत? तो ताणून अख्ख्या जर्मनीएवढा केला तरी त्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा भरेल. त्याच यंत्रातला लेसर डिट्सिंगेनच्या ट्रुम्फ कंपनीचा. तो कथिलाच्या अतिसूक्ष्म थेंबांना सेकंदाला पन्नास हजार वेळा टिपतो. मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हटलं की मला व्हाइसमधला लोखंडाचा तुकडा आठवतो.

अशा गावांत कारखाने टिकतात, कारण पैसाही गावातच असतो. 'श्पारकासे' म्हणजे त्या त्या शहराची किंवा जिल्ह्याची बचत बँक. तिने आपल्याच भागात धंदा करायचा असा दंडक असतो. मॅनेजर कारखानदाराच्या बापालाही ओळखत असतो. दर तिमाहीला नफ्याचा हिशेब मागणारा शेअर बाजार मागे नसला की दहा वर्षांनी फळ देणारं मशीन आज घेता येतं.

मंडळाच्या टेबलाशी कामगार

१९७६ च्या कायद्याप्रमाणे दोन हजारांहून जास्त माणसं असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या असतात. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं मत दुप्पट धरतात आणि अध्यक्ष सहसा भागधारकांचा असतो, त्यामुळे शेवटचा शब्द मालकांचाच. तरीही वर्षभराचे हिशेब समोर ठेवून कामगाराशी बोलावं लागतं, ही साधी गोष्ट नाही.

तिचा उपयोग २००९ ला दिसला. जगभरच्या मंदीत त्या वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आक्रसली. ऑर्डरी थांबल्या. इतर देशांत माणसं रस्त्यावर आली, इथे बेकारी जेमतेम हलली. कारण कारखान्यांनी माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा ६० टक्के भाग, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी बेकारी विम्यातून मिळाला. त्या वर्षी एका वेळी चौदा लाखांच्या आसपास कामगार अशा 'अर्ध्या कामावर' होते. मागणी परतली तेव्हा प्रत्येक मशीनवर तेच ओळखीचे हात हजर होते. साडेतीन वर्षं घालून तयार केलेला माणूस घरी पाठवला की तो परत येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाता कामा नये. निळीच्या आणि रंगांच्या त्या तीन मोठ्या कंपन्या १९२५ साली इतरांसह 'इगे फार्बेन'मध्ये विलीन झाल्या, आणि त्याच कंपनीने ऑशविट्झच्या शेजारी कारखाना उभारून छळछावणीतल्या कैद्यांना मरेपर्यंत राबवलं. कौशल्य, संशोधन, मापं सगळं तेच होतं. ते कशासाठी वापरायचं हे शिकवणारी विहीर आटली होती.

युद्धानंतरच्या भरारीचं श्रेय अनेकदा एकट्या अमेरिकी मदतीला दिलं जातं. मदत झाली, १९४८ च्या जूनमध्ये नवं चलन आलं, भाव मोकळे झाले, १९५३ ला लंडनमध्ये जुन्या कर्जाचा जवळपास निम्मा भाग माफ झाला. पण शहरं जमीनदोस्त होऊनही शिकलेली माणसं उरली होती, आणि पूर्वेकडून लाखो निर्वासित आपापले व्यवसाय हातात घेऊन आले होते. पैसा त्यांच्यामुळे कामी आला.

साठलेला गाळ

आज मात्र तिकडची वर्तमानपत्रं चिंतेने भरलेली असतात. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आक्रसली. २०२१ पर्यंत निम्म्याहून जास्त गॅस रशियातून येत होता, युद्ध सुरू झालं आणि तो आटला. शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या. वीज महागली. चीन कालपर्यंत जर्मन यंत्रांचं गिऱ्हाईक होता, तो आता तशीच यंत्रं स्वस्तात करतो आणि विजेवरच्या मोटारीत पुढे निघून गेला. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगारांशी करार केला. सक्तीने कुणाला काढायचं नाही, पण २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून जास्त जागा कमी करायच्या.

मला यातली सगळ्यात बोलकी घटना ड्रेस्डेनची वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या नदीवरच्या कॅरोला पुलाचा एक भाग रात्री कोसळला. काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. वर्षानुवर्षं कर्ज नको, खर्च नको म्हणत त्या देशाने पूल, रेल्वे, शाळा यांच्या डागडुजीला हात आखडता घेतला. पक्का माल करणाऱ्या देशाची आगगाडी आज वेळेवर येईल याची खात्री नसते. २०२५ च्या मार्चमध्ये घटना दुरुस्त करून ५०० अब्ज युरो या कामांसाठी बाजूला काढायचं ठरलं. इतकी वर्षं गाळ काढला नाही, तो आता एकदम काढायचा आहे.

आणि हात कमी पडतायत. कारखान्यात उस्ताद आहेत, शिकायला पोरं नाहीत. टुटलिंगेन, ओबरकोखेन, डिट्सिंगेन ही सगळी गावं ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहेत, त्या राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला. पहिल्या टप्प्यात इथून दहा हजार कुशल माणसं पाठवायचं ठरलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पिशवीत जर्मन भाषेचं पुस्तक दिसू लागलं.

गेल्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी आला. त्याला तिकडे अर्ज करायचा होता. परदेशी दाखला त्यांच्या व्यवसायाशी किती जुळतो हे तिथे तपासतात, आणि त्यासाठी अनुभव तपशिलात सांगावा लागतो. कुठल्या मशीनवर, किती महिने, कुठलं काम. आयटीआयची दोन वर्षं आम्ही भराभर लिहून काढली. मग ॲप्रेंटिसशिपचं वर्ष आलं आणि तो थांबला. इथल्या एका कारखान्यात त्याने ते वर्ष काढलं होतं. प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे. पण त्या बारा महिन्यांतले दहा महिने त्याने खोकी भरली होती आणि टेप मारली होती.

"सर, इथे काय लिहू?"

मी म्हटलं, "जे केलंस ते लिही."

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, शनिवारी वर्कशॉप उघडं असतं का. आता तो दर शनिवारी येतो. पहिल्या दिवशी त्याने कपाटातून कानस काढली, व्हाइसमध्ये एक तुकडा आवळला, आणि तासाभराने गुण्या लावून तो खिडकीपाशी उजेडात धरला. रेघ दिसत होती. काही न बोलता तो परत व्हाइसकडे गेला.